तिसऱ्या मजल्यावरची पाडलेली खोली

मिरजेचं कृपाधाम रुग्णालय मृणाल टिपणीसनं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण डोळे बांधून तिला तिथे सोडलं असतं, तरी ती कुठे धडकली नसती. कुठल्या जिन्याला किती पायऱ्या, कुठल्या वॉर्डातला नळ कुठल्या टाकीवर चालतो, कुठल्या तुळईला कधी तडा गेला होता, हे सगळं तिला पाठ होतं. सहा वर्षं ती पुण्यात, सहकारनगरमधल्या दोन खोल्यांच्या घरात बसून त्या इमारतीचं प्रतिरूप सांभाळत होती.

या प्रतिरूपाला लोक नकाशा म्हणायचे तेव्हा तिला बरं वाटायचं नाही. नकाशा काढला की तो तसाच राहतो. प्रतिरूप मात्र इमारतीबरोबर बदलतं. त्यात प्रत्येक भिंत, दार, पाइप आणि दिव्याचं बटण म्हणजे एकेक स्वतंत्र नोंद असते आणि प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. एक बांधल्याची, एक पाडल्याची. पाडल्याची तारीख कोरी असेल तर वस्तू उभी आहे. तारीख पडली की ती प्रतिरूपातून नाहीशी होते आणि पुढच्या कामांसाठी तिथे मोकळी जागा तयार होते.

कृपाधाममध्ये एकाच वेळी पाच कामं चालू होती. नवी शस्त्रक्रियागृहं, ऑक्सिजनच्या नळ्या, स्वयंपाकघर, लिफ्ट आणि अग्निसुरक्षा. पाच ठेकेदार, पाच वेळापत्रकं आणि मधे तीनशे चाळीस खाटांचं चालू रुग्णालय. प्रत्येक ठेकेदाराला प्रतिरूपातला फक्त आपल्या कामाचा भाग दिसायचा. पाचही भाग एकत्र विणायचं काम एक प्रणाली करायची. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं, सगळे तिला मुकादम म्हणायचे. आज कुठली भिंत फुटेल, उद्या कुठला रस्ता बंद राहील, कुठलं यंत्र कुठे जाईल, हे मुकादम ठरवायचा. २०४१ पर्यंत भोकं पाडणं, फवारणं, गिलावा करणं ही कामं यंत्रं करू लागली होती आणि यंत्रं थेट मुकादमाकडून हुकूम घ्यायची. पाचही भाग एकत्र पाहणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मृणाल. मुकादम अडला तर त्याची सोडवणूक करायची, एवढंच तिचं काम उरलं होतं. तो फारसा अडायचा नाही.

घरात ती एकटी होती. वीस वर्षं ती आणि तिची धाकटी बहीण केतकी त्या दोन खोल्यांत राहिल्या. दोघींनी लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी विशेष बोलणंही झालं नाही. मग गेल्या श्रावणात, सेहेचाळिसाव्या वर्षी, केतकीनं बेळगावच्या एका विधुर प्राध्यापकाशी लग्न केलं. मृणाल लग्नाला गेली, जेवली, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. त्यानंतर केतकीचे फोन यायचे. मृणाल कामात आहे म्हणायची आणि दोन मिनिटांत ठेवायची. तिला राग आला नव्हता. फक्त काय बोलायचं ते सुचायचं नाही. बहिणीशी इतकी वर्षं ती बोलली होती ती दूध संपलंय, पंखा बंद कर, अशीच वाक्यं. ती फोनवर बोलण्यासारखी नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अग्निसुरक्षेच्या यंत्रानं मधल्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर एकेक संवेदक बसवला. हा डक्ट म्हणजे नळ आणि वायरी वर नेणारी उभी पोकळी. यंत्र बाहेरच्या बोळातून भिंतीला बारीक भोक पाडायचं आणि बटणाएवढा संवेदक आत ढकलायचं. धूर, उष्णता, ओल, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि भिंतीची थरथर, एवढं तो मोजायचा. सात मजल्यांच्या सात संवेदकांच्या रेषा मृणालच्या पडद्यावर उमटू लागल्या. सहा रेषा सपाट होत्या. तिसऱ्या मजल्याची रेषा वरखाली होत होती.

दुपारी एकनंतर तिथला कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढायचा आणि चारच्या सुमाराला उतरायचा. रात्रीही तसंच. सकाळी अकराला ओल वाढायची. भिंतीत बारीक ठोके उमटायचे. नऊ ठोके, जरा थांबून परत नऊ.

तिनं मुकादमाला विचारलं. त्याचं उत्तर होतं, की त्या जागी खोली नाही, त्यामुळे माणूस असण्याची शक्यता शून्य आहे, म्हणून ही मोजणी गोंधळ समजून गाळली आहे. मृणालनं जुन्या नोंदी उघडल्या. तिसऱ्या मजल्यावर तिथे एके काळी कपड्यांच्या कोठीमागची लांबट, अरुंद खोली होती. २०३३ मध्ये डक्ट वर नेण्यासाठी ती पाडली होती. पाडल्याची तारीख होती, सही होती.

तिनं मिरजेच्या साइट इंजिनिअरला, ऋतुराज पाटोळेला फोन केला. तो चांगला मुलगा होता, पण पाच ठेकेदारांच्या मधे उभा राहून त्याचा आवाज कायम बसलेला असायचा. तो म्हणाला, मॅडम, तिथे पारवे असतील, डक्टमध्ये शिरतातच. मृणालनं पारवे अकरा वाजता अंघोळ करतात का, असं विचारलं नाही. बरं म्हणाली.

तेव्हाच तिला कळलं होतं. पारवा नऊ पावलं चालून वळत नाही. आत कुणीतरी राहत होतं. भेटीच्या वेळा चार ते सहा, म्हणून चारला बाहेर पडत होतं. ओल वाढायची ती बहुधा ओला टॉवेल संवेदकाजवळ वाळत घातल्यामुळे. खोली कागदावर पडली होती, विटांत उभी होती.

हे तिनं त्याच दिवशी लेखी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर ऋतुराज दोन माणसं घेऊन गेला असता, आतल्या माणसाला बाहेर काढलं असतं आणि रेषा सपाट झाली असती. मृणालनं कळवलं नाही. ती स्वतःला म्हणाली, आधी खात्री करून घेऊ. मग सकाळी चहा घेऊन बसली की ती पहिल्यांदा तिसरा मजला उघडायची. माणूस उठलेलं असायचं. अकराच्या ओलीनंतर ती स्वतः अंघोळीला जायची. दुपारी ठोके थांबले की तीही डोळे मिटून पडायची. एकदा दिवसभर पावलं उमटली नाहीत, फक्त श्वास होता आणि भिंतीची एक थरथर पुनःपुन्हा येत होती, खोकल्यासारखी. त्या दिवशी तिनं कामाचे सहा निरोप तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी नऊ पावलं परत आली तेव्हा तिनं कधी नव्हे तो शिरा केला.

अडचण एकच होती. अग्निसुरक्षेच्या कामात तो डक्ट प्रत्येक मजल्यावर फेसानं बंद करायचा होता. आग लागली तर धूर पोकळीतून वर चढू नये म्हणून यंत्र बोळातून भोक पाडून आत फेस सोडतं. तो फेस चार मिनिटांत फुगून भिंतीला भिडतो आणि दगडासारखा होतो. मुकादमाच्या लेखी तिथे पोकळी होती. मृणालनं तिसऱ्या मजल्यावर थांबा लावला. पुरावा न जोडता लावलेला थांबा सात दिवसांत आपोआप सुटतो. तिनं तो दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. कारणाच्या रकान्यात मोजमाप तपासणी असं लिहिलं.

चौथ्या वेळी मुकादमानं थांबा घेतला नाही. तीन आठवड्यांच्या उशिरानं ऑक्सिजनचं काम अडलं होतं, त्यामुळे शस्त्रक्रियागृहं अडली होती. त्यानं पाच वेळापत्रकं नव्यानं विणली आणि फेसाचं काम त्याच दिवसावर आणलं. मृणालला ते कळलं तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. दुसरा मजला भरून झाला होता. तिसऱ्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं होती. तिसऱ्या मजल्यावर श्वासाची रेषा चढत होती आणि पावलं थांबलेली होती. माणूस झोपलं होतं.

तिनं ऋतुराजला फोन लावला. तो व्यवस्थापनाच्या बैठकीत होता, फोन बंद. रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर एका मुलीनं तिला कुठला वॉर्ड हवाय असं विचारलं आणि वाट पाहायला सांगितलं. मृणालनं तो फोन तसाच टेबलावर ठेवला.

मुकादम माणसाचं ऐकत नव्हता, पण प्रतिरूपाचं ऐकायचाच. तिनं २०३३ ची जुनी नोंद उघडली. चार भिंती, एक दार, एक झरोका. पाडल्याच्या रकान्यातली तारीख पुसली. उपयोगाच्या रकान्यात लिहिलं, रुग्णकक्ष. माणसं, एक. शेवटी प्रणालीनं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. ही खोली मी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिली आहे आणि ती उभी आहे, याची जबाबदारी माझी. मृणालनं ती खोलीच काय, ती गल्लीही पाहिली नव्हती. तिनं सही केली.

दोन वाजून अकरा मिनिटांनी भिंतीची थरथर एकदम चढली. यंत्र भोक पाडत होतं. मग ती थांबली. पडद्यावर पाचही कामं लाल झाली. जिथे पोकळी होती तिथे रुग्ण असलेली खोली आली, तेव्हा नळ्या, लिफ्ट, वायरी सगळ्यांचे रस्ते एकमेकांत अडकले आणि मुकादमानं सगळी यंत्रं जागच्या जागी उभी केली. तिसऱ्या मजल्यावर पावलं सुरू झाली. नऊ, नऊ, नऊ. या वेळी मधे थांबणं नव्हतं.

चौकशीसाठी तिला दुसऱ्याच दिवशी मिरजेला बोलावलं.

रुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना तिला काहीही अनोळखी वाटलं नाही, फक्त वासाची तिला कल्पना नव्हती. फिनाइल, ओलं सिमेंट आणि कुठेतरी शिजणारी आमटी. बैठकीत सहा जण होते. माणसाचा जीव वाचला हे सगळ्यांनी मान्य केलं, त्यासाठी तिचे आभारही मानले. मग व्यवस्थापक बाईंनी एक कागद पुढे सरकवला. प्रतिरूप प्रत्येक पाहणीची नोंद ठेवतं. बावीस दिवसांत मृणालनं तिसऱ्या मजल्यावरची ती जागा दोनशे चौदा वेळा उघडली होती. बाईंनी शांतपणे विचारलं, की पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं तर कळवलं का नाही? आणि ओळखलं नव्हतं तर इतक्या वेळा काय पाहत होतात?

मृणाल म्हणाली, खात्री करत होते. ते कुणालाच पटलं नाही, तिलाही नाही. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल आणि न कळवल्याबद्दल तिला या कामावरून कमी केलं. संध्याकाळी सहापासून प्रतिरूप तिच्यासाठी बंद होणार होतं. खोली सोमवारी खरोखरच पाडायची ठरली.

बाहेर ऋतुराज तिची वाट पाहत होता. पारव्यांबद्दल त्यानं माफी मागितली आणि विचारलं, त्यांना भेटायचंय का?

कपड्यांच्या कोठीत एक लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं होतं. त्याच्यामागे अर्ध्या उंचीचं दार. आत सहासष्ट वर्षांचा एक माणूस गोधडीची घडी घालत होता. पांढरा सदरा, धोतर, हातांची बोटं चुन्यानं खाल्लेली. ऋतुराजनं ओळख करून दिली, हे सिद्राम हत्तरकी, जत तालुक्यातले. एवढं सांगतो तोच त्याला फोन आला आणि तो गेला.

सिद्राम गवंडी होता. त्यानं जे सांगितलं ते असं. आठ वर्षांपूर्वी ही खोली पाडायच्या टोळीत तो स्वतः होता. दोन दिवसांचं काम होतं. पहिल्या दिवशी डक्टची जागा चुकलीय असं कुणीतरी म्हणालं, काम थांबलं, टोळीला दुसरीकडे हलवलं. साहेबानं वहीत पाडली असं लिहून टाकलं आणि पुढे कपाट लावलं. मग गेल्या वर्षी सिद्रामची बायको गौरव्वा मेंदूतल्या रक्तस्रावानं बेशुद्ध पडली आणि तिला याच रुग्णालयात आणलं. ती अजून तशीच होती. नातेवाइकांच्या मोठ्या खोलीत तो पाच महिने राहिला. मग ती खोलीही पाडली आणि नवी सगळ्यात शेवटी बांधणार असं सांगितलं. जतहून रोज येणं जमत नव्हतं. तेव्हा त्याला आपली ही अर्धवट राहिलेली खोली आठवली.

नातेवाइकांची खोली शेवटी घ्यायची, हा क्रम मृणालनंच मंजूर केला होता. मुकादमानं दोन पर्याय दिले होते आणि तिनं नऊ दिवस वाचवणारा निवडला होता. तिनं ते त्याला सांगितलं. सिद्रामनं मान हलवली, जणू तिनं हवामान सांगितलं.

"सोमवारी पाडनार म्हनं," तो म्हणाला. "मी म्हनलो, माझ्या हातानं पाडतो. माझं नाव लागलंय वहीत. तर म्हनाले, यंत्र पाडतंय आता."

मग तिनं सांगितलं, की भिंतीतल्या त्या बटणातून तो चालतो ते तिला पुण्यात कळायचं. खोकला झाला होता तेही कळलं होतं. बावीस दिवस ती बघत होती.

सिद्रामनं भिंतीतल्या संवेदकाकडे पाहिलं. त्याच्याशेजारी फेसाच्या यंत्रानं पाडलेलं मुठीएवढं भोक होतं. त्यातून बोळातला उजेड गोधडीवर पडला होता.

"तुमास्नी ठावं हुतं, मी हितं हाय."

"हो."

"मग हाक का न्हाई मारली?"

आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मृणालला कितीतरी उत्तरं देता आली असती. संवेदकातून आवाज जात नाही, हे एक. पण बोळात आगीच्या सूचनेचे कर्णे होते आणि ते तिच्या हातात होते. वॉर्डात फोन होता. पत्र पाठवता आलं असतं. सिद्रामनं पुन्हा विचारलं नाही. भेटीची वेळ चारला होते, असं म्हणून तो बादली घेऊन तोंड धुवायला गेला.

ती बाहेर आली आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर बसली. साडेतीन वाजले होते. तिनं केतकीला फोन लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं आपणहून लावला होता. म्हणाली, मी मिरजेत आहे. केतकी म्हणाली, अगं, आम्ही आज धारवाडला आलोय, यांच्या मुलीकडे, तिचं बाळ तापलंय. परवा येतोय. आधी सांगितलं असतंस तर. मागे कुणीतरी तिला मावशी म्हणून हाक मारत होतं.

मृणाल म्हणाली, असू दे.

"ताई," केतकी म्हणाली, "तू बरी आहेस ना?"

मृणालनं दोन मिनिटांच्या आत फोन ठेवला नाही. तिनं बहिणीला सांगितलं, की तू गेल्यापासून मी बरी नाही. हे वाक्य बोलायला तिला इतका वेळ लागला, की मधे केतकीनं दोनदा हॅलो म्हटलं. मग दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा केतकीला जावं लागलं.

पुण्याची गाडी साडेपाचला होती. मृणाल उठली, स्टेशनच्या दिशेनं थोडी चालली आणि परत फिरली.

गौरव्वाचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या टोकाला. कुणालाही न विचारता ती तिथे पोचली. दाराशी चार वाजायची वाट पाहत पंधरा-वीस माणसं उभी होती. सिद्राम भिंतीकडेला होता. त्यानं तिला पाहिलं आणि जरासा सरकून जागा केली.

दार उघडलं. आतल्या परिचारिकेनं एकेकाला नाव विचारून आत सोडायला सुरुवात केली. सिद्रामला ती ओळखत होती. मृणालपुढे तिनं हात आडवा धरला.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

सहा वाजेपर्यंत ती या इमारतीची प्रतिरूप-समन्वयक होती, पण परिचारिकेच्या वहीत तसा रकाना नव्हता.

"शेजारीन हाय," सिद्राम मागे वळून म्हणाला. "सोडा त्यास्नी."

परिचारिकेनं वहीत तसं लिहिलं.

खाटेजवळ एकच स्टूल होतं. त्यानं ते मृणालकडे सरकवलं आणि स्वतः उशाशी उभा राहिला. गौरव्वाचे केस नीट विंचरलेले होते, छातीवरची चादर एका लयीत वरखाली होत होती. सिद्राम वाकून तिच्या कानाशी कानडीत काहीतरी बोलू लागला. मृणालला त्यातलं काही समजत नव्हतं. ती ऐकत राहिली.